वाघदेवाच्या वळणावर गाडीचा दम जातो

हिरालालची गाडी बंद पडत नव्हती, तिचा दम जात होता. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण ज्याच्या दारात कधी जुनी गाडी उभी राहिली नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. बंद पडलेली गाडी बरी. ती सरळ सांगते, बाबा, माझं हे तुटलं, ते जळलं, काय करायचं ते कर. दम जाणाऱ्या गाडीचं वागणं म्हणजे शाळेच्या वेळेला पोट दुखणाऱ्या पोराचं. डॉक्टरपुढे उभं केलं की खदखदा हसणार.

ट्रक होता शहाऐंशी सालचा. समोरच्या काचेवर निळ्या अक्षरांत जय भीम, दोन्ही बाजूंना निळे गोंडे, आणि हॉर्न असा की चिचगडच्या बाजारात वाजवला तर देवरीतली कुत्री उठून बसतील. चिचगडच्या अंगच्या खेड्यांतून धान भरायचा, गोंदियाच्या राईस मिलला टाकायचा, आणि येताना देवरीच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरून चिचगडजवळच्या आपल्या गावी यायचं, हा हिरालालचा अकरा वर्षांचा नेम. गाडीनं कधी कुरकुर केली नव्हती. दोन हजार सात सालचा पावसाळा सरत आला आणि तिला हे नखरे सुचले.

देवरीहून चिचगडकडे निघालं की जंगल लागतं. जंगलात एक टेकाड आहे, दोन्ही अंगांनी चढ, आणि चढाच्या माथ्यावर वळण. वळणावर सागाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे, तो वाघदेव. येणारे-जाणारे ड्रायव्हर त्याला हॉर्न देतात, सणावाराला थांबून नारळ फोडतात. हिरालाल हॉर्न देत नसे आणि नारळही फोडत नसे. तो बौद्ध माणूस. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा त्याला तोंडपाठ होत्या आणि दगडापुढे वाकायचं नाही हे त्याच्या बापानं त्याला चालायला शिकवायच्या आधी शिकवलं होतं. वाघदेवाचं आणि त्याचं भांडण काही नव्हतं. तू तुझ्या झाडाखाली सुखी, मी माझ्या केबिनमध्ये सुखी, असा अकरा वर्षांचा शेजार होता.

आणि गाडीचा दम जायचा तो नेमका वाघदेवासमोर.

चढाला लागेपर्यंत सगळं ठीक. मग हळूहळू इंजिनाचा आवाज बारीक व्हायचा, अ‍ॅक्सिलेटर पार तळापर्यंत दाबला तरी गाडी म्हणायची, मी काही येत नाही. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, आणि वळणावर पोचता पोचता एक आचका देऊन गप्प. हिरालाल खाली उतरायचा. पहिलं काम म्हणजे टाकीचं झाकण उघडून बांबूची काडी आत घालायची आणि डिझेल किती आहे ते बघायचं. झाकण उघडताना 'हुस्स' असा आवाज यायचा. तो ऐकला की एवढ्या तापातही हिरालालला बरं वाटायचं, कारण ते झाकण म्हणजे त्याच्या हातची कारागिरी होती.

तोवर त्याचा जोडीदार दुधराम वाघदेवापुढे उकिडवा बसलेला असायचा. दुधराम धानाची पोती भरायला-उतरवायला सोबत यायचा, उरलेला वेळ केबिनमध्ये बसून तंबाखू मळायचा, आणि अलीकडे सीटखाली नारळ ठेवायला लागला होता. तो नारळ फोडायचा, हात जोडायचा, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून परत यायचा. हिरालाल चावी फिरवायचा. गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची आणि चढ असा चढून जायची की जणू हिनं कधी चढ पाहिलाच नाही.

दुधराम काही बोलायचा नाही. नुसता खोबरं चघळत समोर बघायचा. माणसाला चिडवायचं असेल तर यापेक्षा बरा उपाय नाही.

एकदा हिरालालनं त्याला नारळासकट खाली उतरूच दिलं नाही. दोघं केबिनमध्येच बसून पाऊण तास भांडले. मग हिरालालनं काडी घालून डिझेल पाहिलं, चावी फिरवली, गाडी सुरू. आता बोल, असं त्यानं विचारलं, तर दुधराम म्हणाला की मी केबिनमधूनच मनातल्या मनात हात जोडले होते. आता मनातल्या हातांना कोण बांधणार?

खरी गोष्ट अशी, की गाडीचा दम काही फक्त वाघदेवापाशी जात नव्हता. आमगावच्या रस्त्यावर दोनदा गेला, गोरेगावच्या पुढे एकदा गेला, आणि कधी कधी चार-चार दिवस जातच नव्हता. पण आमगावच्या रस्त्यावर कोणाचा दगड नाही, त्यामुळे तिथली गोष्ट कोणी कोणाला सांगितली नाही. वाघदेवासमोरची मात्र महिन्याभरात तीन बाजार फिरून आली, आणि फिरता फिरता गाडीसमोर रस्ता ओलांडणारा एक पट्ट्यापट्ट्यांचा वाघही तिच्यात शिरला.

आता त्या झाकणाबद्दल सांगितलं पाहिजे. श्रावणाच्या झडीत टाकीत पाणी शिरलं होतं. जुन्या झाकणाचा रबर सडलेला, आणि झाकणाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं एक भोक. हिरालालनं ते भोक पाहिलं आणि गाडी बनवणाऱ्याच्या अकलेची त्याला कीव आली. अरे, टाकी डिझेलसाठी आहे, मग वरून पाणी जायला भोक कायले ठेवलं? त्यानं ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबचा जाड गोल कापून झाकणाखाली बसवला, आणि सडकेचं काम चाललं होतं तिथून मूठभर डांबर आणून ते भोक बुजवलं. वरून अंगठ्यानं दाबून गुळगुळीत केलं. मग पाऊस कितीही कोसळला तरी टाकीत थेंब गेला नाही. ही कारागिरी त्यानं गावातल्या प्रत्येक माणसाला दाखवली, काहींना दोनदा दाखवली.

हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं, पण दसरा तोंडावर आला.

दसऱ्याला गावातली सगळी बौद्ध वस्ती धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला दीक्षाभूमीवर जायची, आणि अकरा वर्षं जायची ती हिरालालच्या गाडीत. त्यामागे एक गोष्ट होती. छप्पन साली त्याचा बाप नागपूरला गेला होता, काही पायी, काही मिळेल त्या गाडीनं, आणि परत येताना कोणाच्या तरी लाकडाच्या ट्रकमध्ये ओंडक्यांवर बसून आला. मरेपर्यंत तो सांगायचा की जाताना माणूस म्हणून गेलो अन् येताना लाकडावर लाकूड होऊन आलो, आपल्या माणसांसाठी आपली गाडी पाहिजे. हिरालालनं ट्रक घेतला तेव्हा बाप नव्हता. पण पहिल्या दसऱ्याला ट्रकच्या हौद्यात गवत अंथरून, त्यावर सतरंज्या घालून त्यानं म्हाताऱ्या बायांना हात धरून वर चढवलं, तेव्हा तो गाडीच्या मागे जाऊन ढसाढसा रडला होता. त्याच्यासाठी तो ट्रक धान वाहणारा ट्रक नव्हताच. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस तो धान वाहायचा, ते त्या एका दिवसासाठी.

विहारात बैठक झाली. समितीचे अध्यक्ष रत्नपाल गुरुजी म्हणजे निवृत्त मास्तर, हळू बोलणारे, पण एकदा बोलले की झालं. अर्धं गाव त्यांच्या हातची छडी खाऊन मोठं झालेलं, हिरालाल त्यातला पहिल्या बाकावरचा. गुरुजींनी आधी गाडीच्या अकरा वर्षांच्या सेवेचे आभार मानले. हिरालालनं तिथंच ओळखलं, आभार मानले की समजावं, आता निरोप आहे.

"हिरालाल, साठ माणसं घेऊन गाडी जंगलात उभी राहिली, तर म्हाताऱ्या बायांनी पायी जायचं का?"

हिरालाल उठून उभा राहिला. त्यानं आठ दिवस मागितले. आठ दिवसांत खोट सापडली तर बरं, नाही तर देवरीच्या छोटेलालचा ट्रक ठरवायचा, असं ठरलं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं की एक नारळ फोडला की काम होते, आठ दिवस कायले पाहिजे? सगळे हसले. हिरालालही हसला, पण त्या हसण्यानं त्याचा जबडा दुखला.

दुसऱ्याच दिवशी त्यानं गाडी गोंदियाला चुन्नीलाल मिस्त्रीकडे घातली. चुन्नीलाल इंजिनाला हात लावायच्या आधी कान लावायचा. डोळे मिटून त्यानं बराच वेळ ऐकलं आणि निदान केलं, "गाडी हवा ले रही है, भैया." म्हणजे डिझेलच्या पाइपात कुठून तरी हवा शिरते आहे. त्यानं टाकीपासून पंपापर्यंत सगळे पाइप उघडले, नवे वायसर घातले, फिल्टर बदलला, आतली हवा काढली. टाकीत पाहायचं म्हणून झाकणही उघडलं. हुस्स. चुन्नीलालनं झाकण हातात घेऊन विचारलं की हे रबर कोणी बसवलं, तर हिरालालनं छाती फुगवून सांगितलं, मी. चुन्नीलालनं मान डोलावली. एवढ्या अभिमानानं सांगितलेल्या गोष्टीत कोण खोट शोधतो? गाडी दोन दिवस सुरेख चालली. तिसऱ्या दिवशी देवरीला टाकी भरली आणि वाघदेवासमोर दम गेला.

मग तो अर्जुनी मोरगावला केशोराव उस्तादाकडे गेला. उस्तादांनी चुन्नीलालचं नाव ऐकताच नाक मुरडलं. हवाबिवा काही नाही, इंजिनात डिझेल फवारणारी नोझल कचरली आहेत, हे शेंबडं पोट्टंही सांगेल. नोझल काढली, साफ केली, बसवली, आणि उस्ताद स्वतः गाडी घेऊन नवेगावच्या रस्त्यानं लांब चक्कर मारून आले. गाडी पाण्यासारखी चालली. टाकीत तळाशी डिझेल होतं, तोवर चालली. उस्ताद म्हणाले, आता हिचा दम गेला तर माझं नाव बदला. तिचा दम गेला, पण हिरालाल नाव बदलायला परत गेला नाही, तेवढा वेळच नव्हता.

कारण दसऱ्याला दोन दिवस उरले होते.

त्या दिवशी तो एकटाच देवरीहून निघाला. दुधरामला त्यानं मुद्दाम घरी ठेवलं होतं. टाकी भरून झाल्यावर तो बाजारातून गाडी हळूहळू काढत होता. दसऱ्याचा बाजार म्हणजे जिकडे बघावं तिकडे झेंडू, आपट्याची पानं आणि नारळांचे ढीग. आणि मग काय झालं ते हिरालालला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. गाडी थांबली, हिरालाल उतरला, आणि परत चढला तेव्हा त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला एक नारळ होता. दुकानदारानं गाडीच्या पूजेला का, असं विचारलं, तेव्हा तो हो म्हणाला, आणि हो म्हणताना त्याचे कान गरम झाले.

रस्ताभर तो मनातल्या मनात खटला लढत होता. ही काही पूजा नव्हे, ही तपासणी. चुन्नीलालनं पाइप तपासला, उस्तादानं नोझल तपासली, आपण नारळ तपासतो. हात जोडायचे नाहीत, वाकायचं नाही, नारळ नुसता हातातून खाली सोडायचा. दगडावर पडला तर फुटेल, त्याला आपण काय करणार? त्यानं बावीसच्या बावीस प्रतिज्ञा क्रमानं म्हणून पाहिल्या. वाघदेवाचं नाव कुठं नव्हतं, नारळाचंही नव्हतं. तरी मन काही मानेना. आपण कोणाला फसवतो आहोत हे माणसाला पक्कं ठाऊक असतं, विशेषतः केबिनमध्ये दुसरं कोणी नसताना.

चढ आला, आवाज बारीक झाला, आणि वाघदेवासमोर गाडी गप्प झाली.

हिरालाल नारळ घेऊन उतरला. मागं पाहिलं, पुढं पाहिलं. जंगल शांत होतं. त्यानं दगडासमोर उभं राहून नारळ दोन्ही हातांत धरला. बापाची आठवण आली. त्यानं नारळ छातीपर्यंत उचलला, आणि तेवढ्यात चिचगडच्या अंगानं फटफट आवाज करत रत्नपाल गुरुजींची स्कूटर वळणावर आली.

नारळ लपवायला सदऱ्यात घातला तर पोट दिसणार, मागे धरला तर गुरुजी मास्तर माणूस, पोरं मागे काय लपवतात हे बघण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली. हिरालाल तसाच उभा राहिला. गुरुजींनी स्कूटर थांबवली. त्यांनी नारळाकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, मग हिरालालकडे पाहिलं.

"चटणीसाठी नेऊन राहिलो," हिरालाल म्हणाला.

गुरुजींनी नारळाकडे आणखी एकदा पाहिलं. मग म्हणाले, चांगलं आहे, तुझ्या रुक्माबाईच्या हातची चटणी चांगलीच होईल. हिरालालनं काहीतरी करायचं म्हणून घाईघाईनं टाकीचं झाकण उघडलं, हुस्स, काडी घातली, डिझेल भरपूर आहे असं उगाच मोठ्यानं सांगितलं, आणि चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. गुरुजींनीही स्कूटर वळवली आणि आले तसे चिचगडच्या अंगाला निघून गेले.

घरी नारळ पाहून बायकोनं, रुक्माबाईनं, कपाळाला आठ्या घातल्या. झाडीपट्टीतल्या घरात चटणी होते ती जवसाची, टमाट्याची, अंबाडीची. नारळाची चटणी तिनं आयुष्यात केली नव्हती, आणि लग्नाला अठरा वर्षं झाली, या माणसानं घरात कधी नारळ आणला नव्हता. तिनं दोनच प्रश्न विचारले. नारळ कुठून आणला, आणि वाघदेवापाशी गाडी थांबली होती का? हिरालाल खाटेवर बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. हात वर गेला होता हेही सांगितलं.

"दोन दिवसांनी लोक छोटेलालच्या गाडीत बसून जातीन," तो म्हणाला, "अन् मी दारात उभा राहून पाहीन. माझ्या बापाले काय सांगू वं मी?"

रुक्माबाईला राग आला होता, पण नवऱ्याचं तोंड पाहून तो जिरला. झालं ते झालं, फोडला तर नाही ना, असं ती म्हणाली. आणलाच आहे तर वाया कायले घालवायचा? आधी पाणी काढून घेऊ, ते तुमी प्या, तोंडाला कोरड पडली आहे तुमच्या. पोती शिवायचं दाभण कुडाला खोचलेलं होतं, ते तिनं ओढलं, नारळाची शेंडी उपटली आणि एका डोळ्यात दाभण खुपसून नारळ गिलासावर उलटा धरला.

दोन थेंब पडले, तिसरा लोंबकळला, आणि पाणी बंद.

रुक्माबाईनं नारळ हलवला. आत पाणी डुचमळत होतं, बाहेर काही येत नव्हतं. हिरालाल वैतागून म्हणाला की नारळही तसाच निघाला, याचाही दम गेला.

"दम कायचा जाते? याले एकच भोक आहे," रुक्माबाई म्हणाली. "आत हवा गेल्याशिवाय पाणी बाहेर कसं येईन? तेलाच्या पिप्याले आपण दोन भोकं पाडतो का नाही?"

तिनं दुसऱ्या डोळ्यात दाभण घातलं. पाणी धारेनं गिलासात पडलं.

हिरालाल त्या धारेकडे बघत राहिला. गिलास भरला, रुक्माबाईनं त्याच्यापुढे धरला, तरी तो बघतच होता. मग त्याचा चेहरा असा झाला की तिला वाटलं याला विंचू चावला. टाकीतून डिझेल इंजिनाला जाते, तो स्वतःशीच पुटपुटला. डिझेल जाते तेवढी आत हवा आली पाहिजे. हवा यायले ते सुईएवढं भोक होतं. अन् ते भोक म्या... पुढचं वाक्य त्याच्यानं पुरं झालं नाही. ट्यूबचा जाड रबर, अंगठ्यानं गुळगुळीत केलेलं डांबर, गावभर मिरवलेली कारागिरी, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि तो 'हुस्स'. आजवर त्याला वाटायचं की झाकण किती घट्ट आहे त्याचा तो आवाज आहे. ती बिचारी गाडी श्वास घेत होती.

त्याला लगेच दाभण घेऊन पळायचं होतं, पण रुक्माबाईनं थांबवलं. उद्या सकाळी आहे तशीच गाडी न्यायची, नाही तर कशानं दुरुस्त झाली ते कोणाला कळणार नाही, आणि दुधराम म्हणेल वाघदेवानं दुरुस्त केली. हे हिरालालला पटलं. बायकोच्या डोक्यापुढे त्यानं त्या दिवशी मनातल्या मनात हातच जोडले, आणि त्याला कोणत्याच प्रतिज्ञेची हरकत नव्हती.

सकाळी तिघं निघाले. टाकी भरलेलीच होती. हिरालालनं दुधरामच्या एका हातात तंबाखू दिला आणि दुसऱ्या हातात चुन्याची डबी, आणि बजावलं की चढ संपेपर्यंत दोन्ही हात असेच पाहिजेत. मनातले हात पण खाली ठेव. चढाला आवाज बारीक झाला. वाघदेवासमोर गाडी धापा टाकायला लागली, तशी हिरालालनं ती बंद न करता नुसती उभी केली, खाली उतरला आणि झाकण फिरवलं. हुस्स. रुक्माबाईनं पदराचं टोक टाकीच्या तोंडाशी धरलं, तर ते बाहेर उडायच्या ऐवजी आत ओढलं गेलं. आणि अ‍ॅक्सिलेटरवर कोणाचा पाय नसताना, कोणी हात जोडले नसताना, इंजिनाचा आवाज आपोआप भरत गेला.

खात्री म्हणून झाकण पुन्हा बंद करून गाडी पुढे काढली. देवरी यायच्या आधी पुन्हा दम गेला. पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा आला. मग हिरालालनं दाभणानं डांबर कोरलं, भोक मोकळं केलं, फुंकर मारून पाहिली. त्यानंतर देवरी ते चिचगड, चिचगड ते देवरी, अशा दोन चकरा झाल्या. गाडीनं हूं की चूं केलं नाही.

"पाहिलं का दुधराम?" हिरालाल म्हणाला. "तू नारळ फोडत होता तवा झाकण मी उघडत होतो."

दुधरामनं तंबाखू ओठाखाली ठेवला. "पण भाऊ," तो शांतपणे म्हणाला, "वाघदेवापाशीच उघडत होता ना?"

हिरालालनं गाडी घराकडे घेतली.

दसऱ्याच्या पहाटे साठ माणसं गाडीत चढली. गवत, सतरंज्या, म्हाताऱ्या बाया, डबे, निळे झेंडे. रत्नपाल गुरुजी केबिनमध्ये बसले, त्यांच्या बाजूला रुक्माबाई. टेकाडाच्या चढाला लागताच मागची गाणी थांबली. साठच्या साठ माणसं इंजिनाचा आवाज ऐकत होती, आणि हिरालालच्या हातांना घाम सुटला होता. वळण आलं. सागाखालचा दगड आला आणि गेला. गाडी तिसऱ्यावर होती, तिसऱ्यावरच राहिली. मागून असा जयघोष झाला की झाडावरचे पक्षी उडाले.

साकोलीला चहाला थांबले, तेव्हा सगळे हिरालालभोवती जमले. काय बिघाड होता, पंप होता का, नोझल होती का? नोझल म्हणाला असता तर काम भागलं असतं, कोण खोटं पाडणार होतं? गुरुजी चहाचा कप धरून त्याच्याकडे बघत होते. हिरालालनं झाकण काढून सगळ्यांना दाखवलं आणि खरं ते सांगितलं, की गाडीत काहीच बिघाड नव्हता, मीच तिचं नाक दाबून तिले चढावर पळवत होतो. साकोलीच्या स्टँडवरच्या लोकांनी वळून पाहावं इतकी माणसं हसली. ज्यांना ते झाकण दोनदा दाखवलं होतं, ती सगळ्यात जास्त हसली.

रुक्माबाईनं डबा उघडून भाकरी वाटल्या. भाकरीवर लाल मिरची आणि लसूण घालून भाजलेल्या खोबऱ्याची चटणी होती. हिरालालनं पहिली भाकरी गुरुजींना नेऊन दिली, आणि चटणीवर नजर पडताच खाली बघायला लागला. गुरुजींनी घास घेतला, सावकाश चावला.

"त्या दिवशी मी छोटेलालच्या गाडीचं पक्कं करायले देवरीले जाऊन राहिलो होतो," ते हळूच म्हणाले, फक्त हिरालालला ऐकू येईल असं. "वळणावरून परत फिरलो."

हिरालालनं मान वर केली. एवढं पाहूनही परत काऊन फिरले, असं त्यानं कसंबसं विचारलं.

"ज्या माणसाले आपली माणसं नेण्यासाठी एवढा घाम फुटते," गुरुजी म्हणाले, "त्याची गाडी सोडून छोटेलालच्या गाडीत मी कायले बसू?" आणि त्यांनी भाकरी पुढे केली. "चटणी चांगली झाली. अजून घाल."

हिरालालनं डबा आणला. चटणी वाढताना त्याच्या डोळ्यांतलं पाणी गुरुजींच्या भाकरीवर पडलं, तेव्हा तो म्हणाला की मिरची जास्त झाली आहे. गुरुजी हो म्हणाले. मग त्यानं झाकण टाकीवर बसवलं, भोकावरून एकदा बोट फिरवून पाहिलं, आणि हॉर्न देऊन माणसांना गाडीत बोलावलं. नागपूर अजून शंभर किलोमीटर होतं.